लेपाला तडे जाणारच!

आमच्या विंगमधली एक मैत्रीण या अंकाच्या मराठी विभागाची संपादिका झाली आणि तिथून माझे वाईट दिवस सुरू झाले. "सेमिनारला जे बोललीस तेच लिही, फक्त मराठीत," असं तिने जेवता जेवता सांगितलं आणि मेसची पोळी (जी तशीही सहज उतरत नाही) माझ्या घशात अडकली. माझी दहा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये गेली आहेत. तिथे व्हरांड्यात मराठी बोललं की एक रुपया दंड असे, आणि माझी दंडाची वही चांगली जाड होती. तरी आजही कुणी 'एकोणसत्तर' म्हणालं की मी मनातल्या मनात बोटं मोजते. म्हणून या लेखातले आकडे मी आकड्यांतच लिहिले आहेत. वाचणाऱ्याने आपापले उच्चार करून घ्यावेत.

तर विषय असा : तंतू घातलेल्या कंपोझिट पदार्थांना जास्त तापमानाला ऑक्सिडेशनपासून वाचवणं. नाव ऐकूनच अर्ध्या वर्गाने डोळे मिटले होते. सरांनी विषयांच्या चिठ्ठ्या केल्या होत्या. कुणाला सोलर मिळालं, कुणाला थ्री-डी प्रिंटिंग, मला हे. पण मंडळी, दोन महिने या विषयाबरोबर राहिल्यावर माझं मत असं झालं आहे की ही गोष्ट आपण सगळे लहानपणापासून बघत आलो आहोत. फक्त तिचं नाव कुणी सांगितलं नव्हतं.

आधी पदार्थाची ओळख. कार्बनचे तंतू आणि त्यांना धरून ठेवणारा मसालाही कार्बनचाच, म्हणून नाव कार्बन-कार्बन. १९५८ साली अमेरिकेतल्या चान्स व्हॉट या विमान कंपनीच्या प्रयोगशाळेत हा पदार्थ चक्क अपघाताने सापडला. रेझिन जाळून टाकून तंतू किती आहेत ते मोजायचं होतं. पण चाचणी बिघडली, हवा पुरेशी पोचली नाही आणि रेझिन जळून जाण्याऐवजी त्याचा कोळसा झाला. त्या कोळशाने तंतूंना घट्ट धरून ठेवलं होतं. आपल्या लॅबमध्ये असं काही झालं असतं तर "रीडिंग पुन्हा घ्या" एवढंच ऐकायला मिळालं असतं!

या पदार्थाचे गुण ऐकाल तर प्रेमात पडाल. वजन पोलादाच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पोलाद ६०० च्या आसपास ढिलं पडायला लागतं. जेट इंजिनातले निकेलचे महागडे मिश्रधातू ११०० च्या पुढे धापा टाकतात. आणि हा गडी २००० अंशांच्या वरही उभा असतो. उभा म्हणजे कसा, तर तापल्यावर त्याची ताकद थोडी वाढतेच. एकच अट आहे. आजूबाजूला हवा नको.

हवा असेल तर? तर तो कोळसा आहे हो, शेवटी कोळसाच! साधारण ४०० ते ५०० अंशांपासून तो जळायला लागतो. म्हणजे २००० अंश सोसणारा पदार्थ ५०० अंशांना हरतो. सेमिनारच्या आदल्या रात्री हे वाक्य लिहिताना मला त्याची खरोखर दया आली होती.

इथे धातूंचं नशीब बघा. ॲल्युमिनियमला हवा लागली की त्यावर ऑक्साइडची पातळ साय धरते आणि ती साय खालच्या धातूला झाकते. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम तेच काम करतं. लोखंडाचा गंज पोपडे धरून गळतो, पण निदान दिसतो तरी. कार्बनचं ऑक्साइड म्हणजे वायू. तयार झाला की उडून गेला. मागे साय नाही, पोपडा नाही, काही नाही. माझी आजी रात्री चुलीतले निखारे राखेत दाबून ठेवायची आणि सकाळी फुंकर घातली की ते पुन्हा फुलायचे. राखेने रात्रभर हवा अडवलेली असायची. शुद्ध कार्बनला एवढी राखसुद्धा मिळत नाही. त्याचं पांघरूण बाहेरून आणावं लागतं.

पांघरूण म्हणून सर्वांत जास्त वापरलं जातं ते सिलिकॉन कार्बाइड. त्याची खुबी अशी की ते स्वतः तापून हवेत आलं की त्यावर सिलिकाची, म्हणजे काचेची, साय धरते. जे कार्बनला जमत नाही ते त्याचा लेप करतो. मग झालं की! लेप द्या आणि मोकळे व्हा. माझ्या सेमिनारची पहिली चार पानं इथपर्यंत छान जुळली होती, आणि पाचव्या पानावर गाडी अडली. कारण तो लेप तडकतो. चुकून नाही, कारागिराच्या हलगर्जीपणाने नाही. तडकतोच.

कारण सोपं आहे. लेप देताना दोघेही हजार-दीड हजार अंशांना असतात. मग थंड होताना सिलिकॉन कार्बाइड आकसतं, पण कार्बनचे तंतू आपल्या लांबीत जवळजवळ आकसतच नाहीत. वरचा आखडतोय, खालचा हलत नाही, मग वरच्याला भेगा पडणारच. गावच्या घरी मातीची जमीन सारवलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं शिकवायला नको. जाड सारवण वाळलं की त्यावर नदीच्या नकाशासारख्या बारीक रेघा उमटतात. आजी त्यावर रागवायची नाही. दुसऱ्या दिवशी पातळ काला करून हात फिरवायची, तो काला रेघांमध्ये जाऊन बसायचा.

नासाने स्पेस शटलच्या पंखांसाठी जवळजवळ हेच केलं होतं. (आजीला सांगितलं असतं तर तिने एवढंच विचारलं असतं की शेण कुठून आणतात.) रेयॉनचं कापड तापवून त्याचं कार्बन करायचं, त्यात फिनॉलिक रेझिन भरून थर बसवायचे, रेझिनचा कोळसा करायचा. त्यात राहिलेल्या पोकळ्या पुन्हा द्रव भरून, पुन्हा जाळून बुजवायच्या, असं तीनदा. मग तो तुकडा सिलिकॉन, सिलिकॉन कार्बाइड आणि ॲल्युमिनाच्या पावडरीत पुरून १७०० अंशांच्या आसपास भाजायचा, म्हणजे वरचाच थर सिलिकॉन कार्बाइड होतो. थंड झाला की तडे. मग त्या तड्यांत टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट नावाचं, जिभेला व्यायाम देणारं द्रव मुरवायचं. ते तापवलं की आत सिलिका सोडून जातं. शेवटी वरून सोडियम सिलिकेटचा हात. शटलच्या प्रत्येक पंखाच्या पुढच्या कडेला अशी २२ पॅनलं होती आणि पृथ्वीवर परतताना त्यांना सुमारे १६५० अंश सोसावे लागत.

आता खरी मेख. मला वाटायचं की सगळ्यांत जास्त धोका सगळ्यांत जास्त तापमानाला असणार. तसं नाही! लेप ज्या तापमानाला दिला तिथपर्यंत तुकडा पुन्हा तापला की लेप प्रसरण पावतो आणि तडे मिटत येतात. शिवाय तिथे सिलिकाची काच मऊ होऊन उरलेली फट बुजवते. धोका असतो मधल्या टप्प्यात, ५०० ते १००० अंशांच्या आसपास. तडे अजून उघडे आहेत, सिलिका अजून घट्ट आहे, वाहत नाही, आणि कार्बन मात्र जळायला पुरेसा तापला आहे. म्हणजे धड थंड नाही, धड लाल नाही, अशा अवस्थेत आतून झीज चालू.

हे वाचत असताना मला एकदम काका आठवला.

माझा काका कोल्हापूरला पितळ आणि ॲल्युमिनियम ओतणाऱ्या एका लहान फाउंड्रीत कामाला आहे. तिथे धातू वितळवायची मूस, म्हणजे क्रुसिबल, ग्राफाइट आणि सिलिकॉन कार्बाइडची असते आणि तिच्यावर काचेसारखा ग्लेझ असतो. मी नववीत असताना एका मुशीच्या बुडाला भोक पडलं आणि पातळ झालेलं पितळ त्याच्या पायावर आलं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं गेली. घरात त्या गोष्टीवर कुणी बोलत नाही. काकाही नाही. तो बूट घालून घरभर फिरतो, एवढंच आम्हाला दिसतं.

सेमिनारच्या तयारीच्या दिवसांत मी त्याला फोन केला आणि पहिल्यांदा मुशीबद्दल विचारलं. मला वाटलं तो विषय बदलेल. पण त्याने मला अर्धा तास शिकवलं! "हे बघ पोरी, नवी मूस आणली की पहिली ओल घालवायची. ओल गेली की मग रेंगाळायचं नाही. मंद आचेवर लय वेळ ठेवलीस तर वरचा ग्लेझ वितळत नाही आणि मूस आतनं खाल्ली जाते. एकदम लाल करायची, ग्लेझ पाझरून बसला पाहिजे." मी विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? तो म्हणाला, "वस्तादानं. आणि त्याला त्याच्या वस्तादानं." मी ज्याला 'इंटरमीडिएट टेम्परेचर रिजीम' असं नाव देऊन तीन स्लाइड केल्या होत्या ते काकाच्या भाषेत 'रेंगाळायचं नाही' एवढंच आहे.

मग त्या दिवशी काय झालं होतं, हे मी विचारलं नाही. त्यानेच सांगितलं. घाई होती, ऑर्डर मोठी होती. दोन दिवस वीज ये-जा करत होती आणि भट्टी त्या मधल्या तापमानावर पुन्हा पुन्हा अडकत होती. मूस बाहेरून ठीक दिसत होती. "वाजवून बघायला पाहिजे होती, पण धातू भरलेली मूस वाजवणार कशी?"

हे वाक्य मी वहीत तसंच्या तसं लिहून ठेवलं. पुढे ते मला दुसऱ्याच ठिकाणी भेटलं.

आपल्या हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये कल्पना चावलाचा फोटो आहे. केशरी सूट, हसरा चेहरा. आपल्यापैकी बहुतेकींनी शाळेत तिच्यावर निबंध लिहिला असेल. मी इंग्रजीत लिहिला होता, बक्षीसही मिळालं होतं. कर्नालची मुलगी, १९८२ साली चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजमधून एरोनॉटिकल, अवकाशात गेलेली भारतात जन्मलेली पहिली स्त्री, ताऱ्यांत विलीन झाली वगैरे वगैरे. 'ताऱ्यांत विलीन' या शब्दांचा मला आता राग येतो. ती का गेली हे त्या निबंधात एका ओळीतही नव्हतं, आणि ते कळणं इंजिनिअरिंगच्या मुलीला तर गरजेचं आहे.

१६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया उडालं. ते त्याचं २८ वं उड्डाण. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरचा फोमचा एक तुकडा सुटला. वजन सुमारे पाऊण किलो. आपल्या गादीतल्या फोमचा मोठा भाऊ म्हणा. तो ताशी साधारण ८०० किलोमीटरच्या वेगाने डाव्या पंखाच्या कडेवर, ८ नंबरच्या पॅनलपाशी आदळला. फिल्ममध्ये ते दिसलं होतं. काही इंजिनिअरांनी अवकाशातच यानाचे फोटो मिळवावेत म्हणून विचारणा केली, ती वर जाता जाता विरली. १ फेब्रुवारीला परतताना भोकातून तापलेली हवा पंखात शिरली, आतला ॲल्युमिनियमचा सांगाडा वितळला आणि टेक्ससवर यान फुटलं. सातही जण गेले.

जुलै २००३ मध्ये सॅन अँटोनियोच्या प्रयोगशाळेत तसाच फोमचा तुकडा त्याच वेगाने ८ नंबरच्याच एका पॅनलवर मारून बघितला. ते पॅनल ॲटलांटिस या यानावर २६ वेळा उडून आलेलं होतं. सुमारे ४१ बाय ४३ सेंटिमीटरचं भोक पडलं. मोजपट्टी घेऊन एवढा चौकोन वहीच्या पानांवर आखून बघा. मी बघितला. दोन वह्या लागतात.

आता इथे मी प्रामाणिकपणे सांगायला हवं की कोलंबिया ऑक्सिडेशनने पडलं नाही. धडकेने पडलं. लेप फोडून, कार्बन फोडून आरपार भोक पडलं तर कुठलीही काच ते बुजवू शकत नाही. पण चौकशी समितीचा अहवाल वाचायला घेतला (तो सगळ्यांना वाचायला खुला आहे आणि तो मला आपल्या बऱ्याच पाठ्यपुस्तकांपेक्षा सोप्या भाषेत लिहिलेला वाटला), तर त्यात ऑक्सिडेशन जागोजाग येतं. पॅनलचं आयुष्यच मुळी 'जळून किती वजन गेलं' या हिशोबाने ठरवलेलं होतं. आणि त्यात एक गोष्ट आहे जी मला डिटेक्टिव्ह कथेसारखी वाटली.

नव्वदच्या दशकात शटलच्या पॅनलवर सुईच्या टोकाएवढी बारीक छिद्रं दिसायला लागली. भट्टीत दोष? डिझाइनमध्ये दोष? शोधता शोधता माग लागला तो लाँच पॅडच्या रंगाचा! फ्लोरिडाचा समुद्रकिनारा, खारी हवा, म्हणून पॅडच्या लोखंडी सांगाड्याला जस्ताचा प्रायमर दिलेला. वरचा रंग झिजला, पाऊस पडला, जस्त धुऊन पंखांवर उतरलं. परतीच्या उष्णतेत जस्ताच्या ऑक्साइडने सिलिकाच्या काचेशी संगनमत केलं आणि लेपाला भोकं पडली. कोट्यवधी डॉलरचं यान, आणि त्याला खायला उठला तो शेजारच्या खांबाचा रंग. आपल्याकडे पावसात गच्चीवरच्या पत्र्याचं पाणी वाळत घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर ठिबकलं की जो प्रकार होतो, त्यातलाच हा.

छिद्र बारीक असतं, पण हवा त्यातून आत जाते आणि खालचा कार्बन पोखरते. वर लेप जसाच्या तसा, खाली पोकळी. शिवाय वजन थोडंसंच गेलं तरी ताकद त्यामानाने पुष्कळ जास्त जाते, कारण हवा आधी तंतू आणि मसाल्याच्या सांध्यांतच शिरते. आणि तपासणी कशी व्हायची? मुख्यतः डोळ्यांनी बघून आणि हाताने चाचपून. पंखावर बसवलेल्या पॅनलच्या आत डोकावण्याची सोय नेहमीच्या तपासणीत नव्हती. समितीने नेमकं त्यावरच बोट ठेवलं. काकाचं वाक्य मला इथे भेटलं. धातू भरलेली मूस वाजवणार कशी?

नंतरच्या उड्डाणांसाठी थर्मोग्राफी आली. म्हणजे पॅनलवर क्षणभर प्रखर प्रकाश पाडून ते किंचित तापवायचं आणि इन्फ्रारेड कॅमेऱ्याने ते कसं निवतं ते बघायचं. खाली पोकळी असेल तिथली उष्णता आत झिरपू शकत नाही, तो भाग थोडा जास्त वेळ गरम राहतो. बाजारात मडकं वाजवून घेतात ना, त्यातलंच हे. फक्त बोटाऐवजी प्रकाशाने वाजवायचं. २०११ मध्ये शटलच निवृत्त झालं.

माझ्या सेमिनारला सरांनी एकच प्रश्न विचारला होता. "लेप छान आहे, पण आतून जळत असेल तर तुला कळणार कसं?" मी थर्मोग्राफी सांगितली. सर म्हणाले, "ते झालं जमिनीवर. चालू असताना?" मी म्हणाले, "चालू असताना कळणार नाही असं धरूनच लेप करायला हवा." सरांनी मान हलवली, पण ती होकारार्थी होती की पुढच्याला बोलवायची होती हे आजतागायत गूढ आहे. मार्क मात्र बरे मिळाले.

'कळणार नाही असं धरून' म्हणजे काय, ते सांगते. जिथे सिलिका वाहत नाही त्या मधल्या टप्प्यासाठी दुसरी काच घालायची, बोरॉनची. बोरॉनचं ऑक्साइड ४५० अंशांच्या आसपासच वितळतं आणि मधासारखं तड्यात शिरतं. म्हणून मसाल्यातच बोरॉनच्या संयुगांची पावडर मिसळून ठेवतात. तडा गेला, हवा आत आली, की तीच हवा त्या बोरॉनला जाळून त्याची काच करते आणि ती काच हवेची वाट बंद करते. चोरानेच येऊन कडी लावावी तसं! ही कल्पना मला या सगळ्या विषयात सर्वांत आवडली. पण बोरॉनच्या काचेची दोन दुखणी आहेत. हजार अंशांच्या वर ती उडून जायला लागते आणि ओलावा तिला मुळीच सोसत नाही. म्हणून खालच्या टप्प्याला बोरॉन, वरच्या टप्प्याला सिलिका, आणि दोघांना जोडायला बोरोसिलिकेट, अशी थरांची भाजणी करावी लागते. १७०० च्या पुढे हाफ्नियम आणि झिर्कोनियमची संयुगं येतात, त्यात मी शिरत नाही. मला व्हायवाला विचारलं नव्हतं.

हा बोरॉन आपल्या हॉस्टेलमध्येच आहे हे लक्षात आल्यावर मात्र मला राहवलं नाही. कॅरमची पावडर! डब्यावर 'बोरिक' लिहिलेलं असतं ती. बोरिक ॲसिड तापलं की पाणी सोडून बोरॉन ऑक्साइड होतं. वर्कशॉपमधून ग्राफाइटचे टाकाऊ तुकडे आणले, कॉमन रूममधून पावडर, आणि मेसमधून खायचा सोडा. सोडा कशाला? कारण सोडियम आणि पोटॅशियम कार्बनच्या जळण्याला चिथावणी देतात. विमानाच्या चाकांतले ब्रेक आता बहुधा कार्बन-कार्बनचे असतात आणि थंड देशांत धावपट्टीवरचं बर्फ काढायला पोटॅशियमची मीठं फवारतात. ती ब्रेकमध्ये मुरली की कार्बन नेहमीपेक्षा कमी तापमानालाच जळायला लागतो. म्हणून ब्रेकच्या न घासणाऱ्या बाजूंना फॉस्फेटचे लेप देतात. मला हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

मेटलर्जी लॅबच्या मामांनी भट्टी लावून दिली आणि "काय शिजवतेस ते सांग, वास आला तर नाव माझं येतं," असा इशाराही दिला. एक तुकडा कोरा, एक बोरिकच्या पाण्यात उकळून वाळवलेला, एक सोड्याच्या पाण्यात बुडवलेला. तिघे ७०० अंशांना एकत्र, दुपारभर. संध्याकाळी काढले. सोड्याचा तुकडा चिमट्यात धरताच कडा सोडायला लागला. कोरा बारीक होऊन करडा पडला होता. बोरिकवाला काळाच होता आणि त्याच्या अंगावर कुणी पाक ओतावा तशी चकाकी होती. मामा म्हणाले, "हा बरा शिजला."

दुसऱ्यांदा तसाच तुकडा १००० अंशांना ठेवला तेव्हा ती चकाकी पातळ झाली होती. पहिल्या दिवसाचा चकाकता तुकडा मी खोलीत खिडकीपाशी ठेवला होता. जुलैतली हवा. चार दिवसांत त्याच्यावर पांढरी पिठूळ बुरशीसारखी आली. काचेने ओलावा पिऊन पुन्हा बोरिक ॲसिड केलं होतं. पुस्तकातली दोन्ही दुखणी घरबसल्या दिसली.

आता कुणी म्हणेल, हे सगळं अमेरिकेचं, आपला काय संबंध? आपल्याकडे 'अग्नी' क्षेपणास्त्राच्या टोकाचं आवरण कार्बन कंपोझिटचं आहे. पण ते एकदाच जाणार, तिथे थोडं जळू दिलेलं चालतं. खरी परीक्षा जास्त वेळ तापणाऱ्या भागांची. एप्रिल २०२४ मध्ये इस्रोने जाहीर केलं की तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राने पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्यासाठी कार्बन-कार्बनचं नोझल तयार केलं आहे. आधी तो भाग कोलंबियम नावाच्या जड धातूच्या मिश्रणाचा होता. (हो, कोलंबियम. नावाचा निव्वळ योगायोग.) नव्या भागाचं वजन ६७ टक्क्यांनी कमी आणि त्यामुळे रॉकेट १५ किलोपर्यंत जास्त वजन वर नेऊ शकेल. तमिळनाडूतल्या महेंद्रगिरीला १९ मार्चला ६० सेकंद आणि २ एप्रिलला २०० सेकंद ते जाळून बघितलं. तापमान १२१६ केल्विनपर्यंत गेलं. आणि लेप? सिलिकॉन कार्बाइडचा.

बातमीतला तो आकडा मी सेल्सिअसमध्ये करून बघितला. ९४३ अंश. तोच तो मधला टप्पा! ज्यांनी हे नोझल बनवलं त्यांनी तड्यांचं काय केलं हे बातमीत नाही, आणि नसणारच. पण २०० सेकंद ते टिकलं म्हणजे काहीतरी नक्की केलं आहे. मला ते विचारायला जायचं आहे. गेटची तयारी त्यासाठी चालू आहे. हे मी इथे लिहून टाकते आहे, म्हणजे मागे फिरायची सोय राहणार नाही.

काकाला बोरिकच्या तुकड्याचा फोटो पाठवला होता. त्याचं उत्तर आलं, "ग्लेझ चांगला बसलाय. बूड बघितलंस काय?" बूड बघितलं नव्हतं. उलटा केला तर ज्या बाजूवर तो भट्टीत टेकला होता तिथे लेप ओघळून विटेला चिकटला होता आणि ग्राफाइट उघडं पडलं होतं. पुढच्या वेळी तुकडे तारेने टांगून ठेवणार आहे, आणि या वेळी बोरिकमध्ये बारीक वाळू मिसळून.

तेव्हा कॉमन रूममधली पावडर गेल्या पंधरवड्यात कमी कशी झाली, या चर्चेला इथे पूर्णविराम द्यावा. नवीन डबा मी आणून ठेवला आहे. त्यातली अर्धी लागेल.